डीबी स्पेक्ट्रम प्लस : रिकामी सॉकेटं शेवटी भरा

मामांच्या माळ्यावर डेसिबेल्स या भारतीय कंपनीचा डीबी स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे सिंक्लेअर स्पेक्ट्रम प्लस या जुन्या घरगुती संगणकाची भारतीय आवृत्ती, सापडला, अ‍ॅडॅप्टर नाही, आत ४० पायांचं एक आणि २८ पायांचं एक सॉकेट रिकामं आहे, या चिपा कुठे मिळतील, असं तुम्ही विचारलंय. ४० पायांची ती यूएलए, म्हणजे याच यंत्रासाठी बनवलेली खास चिप; २८ पायांची रॉम, म्हणजे कायमचा प्रोग्राम साठवलेली चिप. दोन्ही मिळतील, पण आज मागवू नका. यूएलए हा या यंत्राचा सगळ्यात नाजूक भाग. चित्रही तीच काढते आणि झेड८० या मुख्य प्रोसेसरला क्लॉकही (कामाचा ठेका देणारा सिग्नल) तीच देते. ती जागेवर नाही तोवर वीजपुरवठा निर्धास्त तपासून घ्या.

आधी अ‍ॅडॅप्टर. स्पेक्ट्रमला ९ व्होल्ट डीसी लागतो, पण पिनच्या आतला भाग ऋण आणि बाहेरचा धन. आपल्याकडे राउटरसोबत येणारे अ‍ॅडॅप्टर बहुतेक याच्या उलट असतात. मी पहिल्या यंत्राला तसलाच एक लावला होता आणि एका झटक्यात रॅमच्या चार चिपा गेल्या. उलट्या जोडणीपासून या बोर्डाला कसलंच संरक्षण नाही. गिटारच्या पेडलसाठी मिळणारा अ‍ॅडॅप्टर याच दिशेचा असतो. फक्त तो दीड अँपिअरचा तरी आहे ना, ते बघून घ्या.

तो लावण्याआधी मल्टीमीटरने शॉर्ट शोधा. खालच्या १६ केबी रॅमच्या ४११६ चिपांना तीन व्होल्टेज लागतात : १ नंबरच्या पायाला उणे ५, ८ ला १२, ९ ला ५. १६ वा पाय ग्राउंड. तिन्ही पायांपासून ग्राउंडपर्यंतचा रोध मोजा. कुठे जवळपास शून्य आला तर तिथेच थांबा. शॉर्ट नसेल तर वीज द्या आणि लगेच तीच तीन व्होल्टेज मोजा. उणे ५ येत नसेल तर ताबडतोब बंद करा, कारण ते नसताना १२ चालू राहिले की ४११६ मरतात. दोष बहुधा टीआर४, टीआर५ आणि शेजारच्या कॉइलपाशी सापडतो. तिथले ट्रान्झिस्टर स्वस्त आहेत, शंका असेल तर दोन्ही बदला. इतकी वर्षं माळ्यावरच्या उन्हाळ्यात काढलेले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही सगळे नवे घाला. ५ व्होल्ट देणारा ७८०५ रेग्युलेटर फार तापतो. त्याच्या जागी बसणारं स्विचिंग मॉड्यूल मी प्रत्येक यंत्रात घालतो.

तिन्ही व्होल्टेज नीट आली की चिपांकडे वळा. रॉमच्या जागी २७१२८ ईप्रॉम (पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम) थोडी वायरिंग बदलून चालते. यूएलएसाठी मात्र मेलेल्या बोर्डावरून काढलेली जुनी फेरांटी कंपनीची मूळ चिप घेण्यापेक्षा, आता बनते ती नवी पर्यायी चिप घ्या. जुनी किती तापली असेल, किती दिवस टिकेल, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात झेड८० किंवा रॅम घ्यायची वेळ आली तर छपाई बारकाईने बघा, घासून नवा नंबर मारलेल्या चिपा असतात.

यंत्र सुरू झाल्यावर कीबोर्ड चालला नाही, तर कारण बहुधा मेम्ब्रेन, म्हणजे बटणांखालचा पातळ प्लॅस्टिकचा थर. त्याच्या पट्ट्या कनेक्टरपाशी कडक होऊन तडकतात. नवं मेम्ब्रेन मिळतं, पण मागवताना ‘प्लस’चं असं स्पष्ट सांगा, रबरी बटणांच्या स्पेक्ट्रमचं यात बसत नाही.