वाचकांचे प्रश्न : खांद्याच्या दुखापतीनंतर धनुष्य किती पाउंडांचे घ्यावे?

प्रश्न : मी निफाड तालुक्यातील द्राक्षबागायतदार असून माझे वय ४६ आहे. गेली काही वर्षे नाशिकला येऊन हौसेने पारंपरिक धनुर्विद्येचा सराव करतो. साइट (नेम धरण्याचे साधन) किंवा स्टॅबिलायझर (धनुष्य स्थिर ठेवणारी दांडी) नसलेले, ४५ पाउंडांचे, म्हणजे दोरी ओढताना हातावर तेवढा भार येणारे, अखंड लाकडी रिकर्व्ह (टोके पुढे वळलेले) धनुष्य माझ्याकडे आहे. गेल्या उन्हाळ्यात मोटारसायकल घसरून उजव्या खांद्यावर पडलो. रोटेटर कफची (खांदा धरून ठेवणाऱ्या स्नायूंची) वरची कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा पट्टा, अर्धवट फाटल्याचे एमआरआयमध्ये दिसले. शस्त्रक्रिया करावी लागली नाही, मात्र सहा महिने फिजिओथेरपी चालली. आता हात पूर्ण वर जातो आणि हळूहळू सराव सुरू करायला डॉक्टरांची हरकत नाही. मी उजव्या हाताने दोरी ओढतो. एक स्नेही म्हणतात, हेच धनुष्य तासून हलके करून घ्या. दुसरे म्हणतात, डाव्या हाताने ओढायला शिका. नवे धनुष्य घ्यायचेच झाले तर ते किती पाउंडांचे असावे आणि माझे जुने बाण त्याला चालतील का? मुलांच्या धनुष्याने सराव करायचा ही गोष्ट मनाला लागते, हेही प्रामाणिकपणे लिहितो.
– एक वाचक, निफाड

उत्तर : सुरुवात २० ते २२ पाउंडांपासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि या आकड्यात मनाला लावून घेण्यासारखे काहीही नाही. कंपाउंड धनुष्यात दोरी पूर्ण ओढली की कप्प्यांमुळे हातावरचा बराचसा भार उतरतो. आपल्या पारंपरिक धनुष्यात दोरी जितकी मागे येईल तितका भार वाढतच जातो आणि ओठाच्या कोपऱ्याशी दोरीचा हात टेकवून, म्हणजे अँकर करून, नेम धरताना, म्हणजे खांदा सर्वांत स्थिर राहायला हवा नेमका तेव्हाच, तो सर्वाधिक असतो. रोटेटर कफचे चार स्नायू दंडाच्या हाडाचा गोळा उथळ खोबणीत मध्यावर धरून ठेवतात. ते थकले की गोळा वर सरकतो आणि वरची कंडरा हाडांच्या मध्ये चिमटली जाते. तुमची दुखावलेली कंडरा हीच आहे. शिवाय स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, पण कंडरेला महिने लागतात, त्यामुळे हातात ताकद आली असे वाटत असते तेव्हाही कंडरा मागेच राहिलेली असते. दुखापतीतून उठलेले बहुतेक तिरंदाज याच टप्प्यावर घाई करतात आणि पुन्हा घरी बसतात.

धनुष्यावर लिहिलेला पाउंडांचा आकडा २८ इंच ओढीचा असतो. तुमची ओढ त्याहून जास्त असेल, तर दर इंचामागे साधारण दोन पाउंड वाढतात, हे धरून चाला. लिम्ब (धनुष्याचे वाकणारे वरचे-खालचे भाग) बदलता येणारे टेकडाऊन, म्हणजे सुटे करता येणारे, रिकर्व्ह घ्यावे. त्याच्या लाकडी रायझरला (मुठीच्या मधल्या भागाला) लिम्ब बोल्टने बसतात आणि ते दोन-दोन पाउंडांच्या फरकाने मिळतात. धनुष्याची लांबी ६८ इंच घेतली, तर ओढीच्या शेवटी भार एकदम चढत नाही आणि दुखऱ्या खांद्याला ते सोयीचे पडते. रायझर एकच राहतो, त्यामुळे पुढे भार वाढवताना फक्त लिम्बांचा खर्च येतो.

आता मुख्य गोष्ट. बाण सोडण्याआधी काही दिवस फक्त दोरी ओढा आणि सावकाश परत आणा. दोरी मोकळी सोडायची नाही, कारण बाणाशिवाय सोडलेल्या दोरीचा सारा झटका लिम्बांना बसतो आणि ते फुटू शकतात. ओढताना उजवा खांदा कानाकडे चढता कामा नये. खांद्याचे पाते मणक्याकडे सरकत आहे आणि कोपर बाणाच्या रेषेत मागे जात आहे, असे पाठीत जाणवले पाहिजे. हात डोक्यावर नेऊन मग दोरी खाली आणत ओढायची सवय असेल, तर ती आता सोडा. अँकर करून दहा सेकंद न थरथरता थांबता आले आणि तितक्याच ताब्यात दोरी परत नेता आली, तर ते धनुष्य तुमच्या खांद्याचे आहे. माझ्या मते दोरी परत नेणे ही ओढण्यापेक्षा मोठी कसोटी आहे, कारण लांबत जाणाऱ्या स्नायूवर भार असतो आणि दुबळेपणा तिथेच उघडा पडतो. दोरी अर्ध्यावर आल्यावर खांदा पुढे ढकलला जात असेल किंवा झटका बसत असेल, तर आणखी हलके लिम्ब लावावेत.

त्यानंतर पाच मीटरवरून, लक्ष्याचा कागद न लावता, नुसत्या गवताच्या पाट्यावर बाण सोडावेत. आधी दिवसाआड वीस-पंचवीस बाण पुरेत. सराव करताना थोडे ताणल्यासारखे वाटले तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळीही दुखणे उरले, तर बाणांची संख्या कमी करा. रात्री त्या कुशीवर झोपताना खांदा ठणकू लागला किंवा हात बाजूने उचलताना कळ आली, तर धनुष्य ठेवून डॉक्टरांकडे जा. निदान सहा आठवडे तक्रार राहिली नाही, तरच दोन पाउंड वाढवावेत. फिजिओने दिलेले रबर पट्ट्याचे व्यायाम, विशेषतः कोपर कमरेशी ठेवून हात बाहेर फिरवण्याचा व्यायाम, धनुष्य हाती आले म्हणून बंद करू नयेत.

तुम्ही बागायतदार आहात, म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगतो. खांद्याला काम बागेतले की मैदानावरचे, हे कळत नाही. दिवसभराचा भार तो एकत्रच मोजतो. ऑक्टोबर छाटणीनंतर मांडवाखाली उभे राहून फुटी काढणे, घडांची विरळणी करणे, एकेक घड द्रावणात बुडवत डिपिंग करणे, या सगळ्यात हात तासन् तास खांद्याच्या वर असतो आणि जखमी कंडरेला हीच स्थिती सर्वांत जास्त त्रास देते. डिपिंगच्या दिवसांत संध्याकाळी सरावाला येऊ नका. खरड छाटणीच्या वेळीही शक्य असेल तिथे घोडीवर उभे राहा, म्हणजे कात्री छातीच्या उंचीवर चालेल. थंडीत निफाडचा पारा किती उतरतो, हे मी तुम्हाला सांगायला नको. त्या दिवसांत पहाटेचा सराव टाळून ऊन चढल्यावर, खांदे आणि पाठ मोकळी करून मगच दोरीला हात लावा.

धनुष्य तासण्याचा सल्ला मानू नये. लाकूड तासून भार कमी करता येतो, पण वाढवता येत नाही. शिवाय दोन्ही लिम्बांचा वाक सारखा राखणे हे जाणत्या कारागिराचे काम आहे, आणि लॅमिनेटेड लिम्बांवर फायबरग्लासचा थर असेल तर तासल्याने तो थरच निकामी होतो. तुमचे धनुष्य दोरी उतरवून, उन्हापासून आणि पावसाळी दमटपणापासून दूर, आडवे ठेवा. डाव्या हाताने ओढण्याचेही मी सुचवणार नाही. तसे केले की धनुष्य धरणारा हात उजवा होतो आणि ओढीचा भार सरळ हाताच्या हाडांतून त्याच खांद्यात येतो. तो खांदा वर चढला तर कंडरा तिथेही चिमटतेच. त्यात उजवा डोळा प्रधान असेल, तर नेमही बिघडतो.

बाण मात्र बदलावे लागतील. कार्बन बाणाच्या स्पाइनचा (ताठपणाचा) आकडा असा ठरतो : २८ इंच अंतरावरच्या दोन आधारांवर बाण ठेवून मध्यभागी सुमारे ८८० ग्रॅम वजन टांगतात आणि तो इंचाच्या किती हजारांश वाकला ते मोजतात. म्हणजे ५०० चा बाण अर्धा इंच वाकतो. तुम्ही स्पाइन लिहिलेला नाही, पण ४५ पाउंडांना साजेसे बाण २२ पाउंडांच्या धनुष्यावर फार ताठ पडतील. ते धनुष्याच्या कडेला घासून आवाज करतील आणि उजव्या हाताने ओढणाऱ्याचे बाण डावीकडे जातील. तुमचा नेम चुकलेला नसताना तुम्ही तो दुरुस्त करू लागाल आणि ढब बिघडवून घ्याल. बाणाच्या लांबीप्रमाणे ९०० ते १००० च्या आसपासचे बाण पाहावेत. हलक्या धनुष्यातून बाण संथ जातो आणि जास्त खाली येतो, म्हणून बाणाच्या टोकाने नेम धरण्याचे तुमचे जुने अंतरही जवळ येईल. ते भरून काढायला दोरी अँकरच्या मागे खेचण्याचा मोह होतो. तो आवरा आणि नवे अंतर शांतपणे बसवा.

पुन्हा ४५ पाउंडांवर जाता येईल का, हे तुम्ही विचारलेले नाही, पण मनात असणारच. कागदाच्या लक्ष्यासाठी त्याची गरज नाही. १८ मीटरवर २४ ते २८ पाउंडांचे धनुष्य पूर्ण पुरते आणि तेवढ्यावर अनेक वर्षे आनंदाने तिरंदाजी करता येते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. फ्रोझन शोल्डरमुळे माझा डावा खांदा आखडला होता, तो आता बरा आहे. १८ पाउंडांचे धनुष्य मला सहज ओढता येते, पण ते पायांत अडकवून वाकवत दोरी चढवताना डावा खांदा दुखतो. काय करावे?
– एक वाचक, नाशिकरोड

उत्तर : ती पद्धत तुम्ही आजच बंद करा, तिने खांदा पिळला जातो आणि लिम्बही पिळतात. बो-स्ट्रिंगर नावाची दोरी मिळते. तिचे मोठे टोपण खालच्या लिम्बाच्या टोकावर आणि छोटे वरच्या लिम्बावर बसवायचे, दोरीवर दोन्ही पाय ठेवायचे आणि उजव्या हाताने मूठ धरून, पाठ ताठ ठेवत धनुष्य सरळ वर उचलायचे. डाव्या हाताला फक्त दोरीचा फासा खाचेत सरकवायचा असतो. त्याला जोर लागत नाही. धनुष्य हळूहळू सैल सोडण्याआधी दोन्ही टोकांचे फासे खाचांत नीट बसले आहेत, हे डोळ्यांनी पाहून घ्या.