दिसत नसेल तर गिटारसाठी कुठलं इफेक्ट पेडल घ्यावं?

अमळनेरच्या भाऊंनी विचारलंय: पूर्ण अंध आहे, अहिराणी गाण्यांच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो, गिटारचा आवाज बदलायला मल्टी-इफेक्ट (एकाच पेटीत बरेच इफेक्ट) घेऊ का?

टचस्क्रीनचं अजिबात नको, भाऊ. बॉस कंपनीच्या डीएस-१ सारखी, एकेका इफेक्टची पायाने दाबायची सुटी पेडलं घ्या. त्यांचे नॉब दोन्ही टोकांना अडतात. डावीकडे अडेपर्यंत फिरवायचं आणि तिथून घड्याळाच्या काट्यासारखं मोजायचं. नुसते गरागरा फिरत राहणारे नॉब म्हणजे वैताग. आमच्या गिटारवाल्याने गोल टोप्या काढून चोचीच्या बसवल्यात. चोच बोटाला लागली की कळतं. घरी कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंगला रीपर हे सॉफ्टवेअर, जोडीला ते अंधांना वापरता यावं म्हणून ओसारा हे जोड-सॉफ्टवेअर आणि पडदा वाचून दाखवणारं फुकटचं एनव्हीडीए. काम कीबोर्डवरून, पडद्यावरचं एनव्हीडीए बोलून सांगतं. आणि हो, पेडलसाठी ९ व्होल्टची बॅटरी खिशात ठेवाच. मांडवात लाइट कधी जाईल, नेम नाही.