कार्ल बोम यांचं मोझार्टचं ‘रेक्विएम’: कोणतं रेकॉर्डिंग घ्यावं?

१९७१चं, डॉइच ग्रामोफोन या कंपनीचं, व्हिएन्ना फिलहार्मोनिक वाद्यवृंदाबरोबरचं. वाद्यवृंद-संचालक बोम तेव्हा सत्तरी ओलांडलेले. लय मुद्दाम संथ. एरवी पन्नासेक मिनिटांत आटोपणारी ही मृतांसाठीची मिसा (ख्रिस्ती प्रार्थनाविधीचं संगीत) इथे तासावर जाते. ‘लाक्रिमोझा’ या भागाला ते शोभतं, ‘किरिए’ या भागातला फ्यूग (एकच धून आवाजांनी एकामागोमाग उचलायची रचना) मात्र जडच वाटतो.

घेताना सोप्रानोचं, म्हणजे सर्वांत उंच पट्टीत गाणाऱ्या गायिकेचं, नाव बघा. एडिथ माथिस असेल तर हेच. गुंडुला यानोविट्झ दिसली तर ती त्याच वर्षीची फिल्म, वाद्यवृंद व्हिएन्ना सिंफनीचा. १९५६चं जुनं रेकॉर्डिंगही मिळतं. त्यात टेरेसा श्टिख-रँडल.

सुरुवातीचे बॅसेट हॉर्न (क्लॅरिनेटच्या जातीची वाद्यं) दबके आहेत म्हणून आवाज वाढवू नका. सातव्या मापात (तालाच्या सातव्या आवर्तनात) ट्रॉम्बोन आणि टिंपनी हे नगारे घुसतात, पाठोपाठ कोरस, आणि हेडफोन असेल तर कानठळ्याच बसतात.