पासबुकाशिवायचा पैसा : केनियातील मोबाइल व्यवहारांविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मुलीच्या बाळंतपणासाठी मी तीन महिने नैरोबीला राहून आले. तिच्याकडे घरकामाला येणाऱ्या बाईंचे कोणत्याही बँकेत खाते नव्हते आणि फोनही साधा, बटणांचा होता. तरीही पगार झाला की त्या कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन फोनमध्ये पैसे भरून घेत आणि तिथूनच गावी आईला पाठवत. बँकच नाही, तर हा पैसा राहतो कुठे? कंपनी बुडाली तर तो जातो का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : आपण पाहिलेली सेवा ‘एम-पेसा’ या नावाने ओळखली जाते. केनियातील सफारीकॉम या दूरसंचार कंपनीने ती मार्च २००७ मध्ये सुरू केली. यातला ‘पेसा’ हा स्वाहिली शब्द आपल्या ‘पैसा’वरूनच तिकडे गेला, असे सामान्यतः मानले जाते, १९२० पर्यंत त्या भागात चलन म्हणून रुपयाच चालत असे, हे लक्षात घेतले तर त्यात नवल वाटत नाही.

आपल्या प्रश्नाचे उत्तर त्या कोपऱ्यावरच्या दुकानातच आहे. दुकानदार प्रथम ओळखपत्र पाहतो, नोटा मोजून गल्ल्यात टाकतो, आखलेल्या वहीत नाव, क्रमांक आणि रक्कम लिहून सही घेतो आणि स्वतःच्या फोनवरून तेवढीच रक्कम बाईंच्या फोनवर वळती करतो. दोघांच्याही फोनवर संदेश आला की व्यवहार पुरा होतो. मात्र दुकानदाराला ही रक्कम वळती करता येते, ती त्याने आधीच तेवढे पैसे बँकेत भरून ठेवलेले असतात म्हणून. म्हणजे फोनवर दिसणाऱ्या प्रत्येक शिलिंगामागे (शिलिंग हे केनियाचे चलन) बँकेत खराखुरा एक शिलिंग असतो, आणि तो कंपनीच्या नावावर नसून ग्राहकांसाठी विश्वस्त निधी म्हणून वेगळा ठेवलेला असतो. त्यामुळे कंपनीला तो आपल्या धंद्यात वापरता येत नाही, किंवा कंपनीचे देणे भागवण्यासाठी त्याला हातही लावता येत नाही. २००८ च्या अखेरीस तेथील बँकांनी या सेवेविरुद्ध तक्रारी केल्या, तेव्हा सरकारने चौकशी केली आणि ती सुरक्षित असल्याचा निर्वाळा दिला.

खरी अडचण निराळीच असते आणि ती फारशी कोणी सांगत नाही. पैसा शहरातून गावाकडे वाहतो. त्यामुळे शहरातल्या दुकानदाराकडे नोटा साचतात आणि फोनमधली शिल्लक संपते. गावातल्या दुकानदाराकडे मात्र फोनमध्ये रक्कम असते आणि गल्ला रिकामा असतो. आई चालत दुकानापर्यंत आली आणि रोकड नाही म्हणून परत गेली, तर तिच्या दृष्टीने ते पैसे आलेच नाहीत. हा तोल सांभाळण्यासाठी दुकानदारांना बँकेच्या सतत फेऱ्या माराव्या लागतात. या सेवेचे श्रेय तंत्रज्ञानाला देण्याची पद्धत आहे. माझ्या मते ते आधी या दुकानदारांना द्यायला हवे.

ही सेवा मुळात निघाली होती वेगळ्याच कामासाठी. ब्रिटिश सरकारच्या विकास निधीचे साहाय्य घेऊन व्होडाफोनने २००५ मध्ये थिका या गावासह काही ठिकाणी एका सूक्ष्म-वित्त संस्थेबरोबर प्रयोग केला. बचत गटांसारख्या गटांतील कर्जदारांना हप्ते फोनवरून भरता यावेत, एवढाच त्याचा हेतू होता. लोकांनी मात्र हप्त्यांपलीकडे जाऊन ते पैसे एकमेकांना पाठवायला सुरुवात केली. त्याआधी गावी पैसे पाठवायचे तर बसचालकाच्या हाती पाकीट द्यावे लागे किंवा कोणी ओळखीचे निघण्याची वाट पाहावी लागे. कंपनीने लोकांची ही गरज ओळखली आणि ‘घरी पैसे पाठवा’ एवढेच सांगत सेवा बाजारात आणली.

प्रश्न : हीच सेवा त्याच नावाने आपल्याकडेही आली होती, असे वाचले. मग ती येथे का टिकली नाही?
— एक निवृत्त बँक कर्मचारी, सोलापूर

उत्तर : व्होडाफोनने ती २०१३ मध्ये भारतात आणली आणि काही वर्षांतच ती बंद झाली. केनियात बहुतेक ग्राहक एकाच दूरसंचार कंपनीकडे होते, त्यामुळे पाठवणारा आणि घेणारा दोघेही एकाच जाळ्यात सापडत; आपल्याकडे ग्राहक अनेक कंपन्यांत विभागलेले होते. शिवाय फोनमधल्या पाकिटातून रोख रक्कम काढू देण्याचा अधिकार रिझर्व्ह बँकेने बँकांपुरताच ठेवला होता, म्हणून कंपनीला बँकेला सोबत घ्यावे लागले. पुढे २०१४ पासून जनधन खाती निघाली आणि २०१६ मध्ये यूपीआय आले. केनियाने बँक खाते वगळून वाट काढली, आपण आधी खाते उघडून दिले. गावातल्या बँक मित्राकडे अंगठा लावून पैसे काढणारी आजी आणि केनियातल्या दुकानातून पैसे घेणारी ती आई यांची गरज मात्र एकच आहे.

प्रश्न : यातून गरिबांचे खरोखर भले झाले, की केवळ कंपनीचे?
— एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : भले झाले, याचा चांगला पुरावा आहे. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थशास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार या सेवेमुळे सुमारे १,९४,००० कुटुंबे, म्हणजे केनियातील २ टक्के कुटुंबे, दारिद्र्यातून वर आली आणि तिचा लाभ स्त्रिया कुटुंबप्रमुख असलेल्या घरांना अधिक झाला. याच दोघांच्या आधीच्या अभ्यासातून त्यामागचे कारणही दिसते : आजारपण किंवा नापिकी ओढवली की सेवा न वापरणाऱ्या घरांना खर्चाला कात्री लावावी लागे, तर वापरणाऱ्या घरांना नातेवाइकांकडून मदत येई आणि चूल पूर्वीसारखीच पेटे.

परंतु पैसे भरणे मोफत असले तरी पाठवण्यास आणि काढण्यास शुल्क पडते, आणि रक्कम जितकी लहान तितका त्याचा भार जास्त. या शुल्कावर सरकारने २०१३ मध्ये १० टक्के कर लावला, तो २०२३ मध्ये १५ टक्क्यांवर गेला. मला अधिक काळजी वाटते ती फोनवरच मिळणाऱ्या कर्जाची. २०१२ मध्ये त्याच फोनवर ‘एम-श्वारी’ ही बचत आणि कर्जाची सोय सुरू झाली, तेव्हा ३० दिवसांच्या कर्जावर ७.५ टक्के शुल्क होते. एक हजार शिलिंग घेतले तर महिन्याने १,०७५ फेडायचे. हे ऐकायला थोडे वाटते, पण तेच कर्ज दर महिन्याला पुन्हा घेणाऱ्या बाईंचे वर्षाकाठी ९०० शिलिंग शुल्कातच जातात आणि मूळ हजार देणे उरतेच.