रूनशिळेला 'वीरगळ' म्हणावे का?

प्रश्न असा आहे: स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे या देशांत वायकिंग काळातले (सुमारे आठवे ते अकरावे शतक) कोरीव दगड उभे आहेत. त्यांच्याविषयी मराठीत लिहिताना 'वायकिंगांचे वीरगळ' म्हटलेले चालेल का? चालत नसेल, तर कोणता शब्द घ्यावा आणि त्या दगडांवरचा मजकूर मराठीत आणताना काय सांभाळावे?

'वीरगळ' म्हणू नये. 'रूनशिळा' म्हणावे, पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे 'रून लिपीतली स्मारकशिळा' (रून ही त्या मुलखाची जुनी लिपी) असे फोडून सांगावे, म्हणजे पुढे अडत नाही.

'वीरगळ' हा शब्द कन्नडमधून आला. 'कल्लु' म्हणजे दगड, आणि 'वीरगल्लु' म्हणजे लढताना पडलेल्या वीराचा दगड. त्याची मांडणी ठरलेली असते. तळच्या चौकटीत पडलेला वीर किंवा ज्यांच्यासाठी तो लढला त्या गाई, त्यावर लढाई, त्यावर त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यांत वर शिवलिंगाची पूजा आणि चंद्रसूर्य. वाचायचे ते खालून वर, आणि बहुतेक दगडांवर अक्षर एकही नसते. सगळे चित्रच बोलते. बोरिवलीजवळच्या एक्सर इथल्या वीरगळांवर तर वल्ह्यांची लढाऊ जहाजे आहेत, त्यामुळे वायकिंगांची आठवण होणे साहजिक आहे. पण रूनशिळेचे सगळे याच्या उलट असते. तिच्यावर लेख मुख्य. नागमोडी पट्टा, क्रूस, एखादा प्राणी ही त्या लेखाची चौकट. आणि जिच्यावर लढाईत पडलेला माणूस आहे अशी शिळा शोधावी लागते. बहुतेक शिळा घरी मेलेल्या बापाच्या, मुलाच्या, भावाच्या, बायकोच्या आहेत.

वीरगळाचा भाऊबंद त्या मुलखात शोधायचाच असेल तर तो स्वीडनच्या गोटलंड बेटावर आहे. तिथल्या चित्रशिळांवर चौकटी आहेत, शिडाची जहाजे आहेत, आणि घोड्यावरून येणाऱ्या मृताला पेयाचे शिंग देऊन सामोरी जाणारी बाई आहे. तेंगविडे इथल्या शिळेवरच्या घोड्याला आठ पाय आहेत. 'वीरगळासारखी' ही उपमा त्या चित्रशिळांना शोभते.

रूनशिळेला खरे जवळचे काय असेल, तर देवळाच्या पायरीवर किंवा बाकावर बसवलेली संगमरवरी फरशी: 'कै. अमुक यांचे स्मरणार्थ, चिरंजीव तमुक यांजकडून.' रूनशिळांचा साचाही असाच ठरलेला आहे, फक्त क्रम उलटा. तिथे उभारणाऱ्याचे नाव आधी येते, मग 'ही शिळा उभी करवली', मग मृताचे नाव, मग नाते. 'देव त्याच्या आत्म्याला साहाय्य करो' हे वाक्य पुष्कळदा शेवटी येते, कारण स्वीडनमधल्या बहुतेक शिळा अकराव्या शतकातल्या आणि ख्रिस्ती घरांनी उभारलेल्या आहेत. स्वीडनमध्ये अशा सुमारे 2500 शिळा आणि लेख आहेत, त्यांतले हजाराहून अधिक एकट्या उपलंड प्रांतात. डेन्मार्कमध्ये अडीचशेच्या आसपास, नॉर्वेत आणखी कमी.

या साच्यातले दोन प्राचीन नॉर्स शब्द मराठीत आणताना हमखास चूक होते. पहिला 'अफ्त' किंवा 'एफ्तिर'. शब्दशः अर्थ 'नंतर', म्हणून 'वडिलांनंतर शिळा उभारली' असे भाषांतर वाचायला मिळते. ते कालदर्शक वाटते आणि पोकळ होते. मराठीत याला नेमका शब्द आहे: 'मागे'. 'त्यांच्या मागे दोन मुले आहेत', 'नवऱ्यामागे तिने घर सांभाळले' यांतल्या 'मागे'त काळही आहे आणि नातेही. लेखी, औपचारिक ढंगात 'स्मरणार्थ' चालेल.

दुसरा शब्द 'लेत रेसा'. म्हणजे 'उभारली' नव्हे, 'उभी करवली'. ज्याचे नाव पहिले येते तो खर्च करणारा. छिन्नी चालवणारा वेगळा, आणि त्याची सही असलीच तर ती शेवटी येते. अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या ओपिर नावाच्या कोरक्याच्या सह्या पन्नासच्या आसपास लेखांवर आहेत. हा भेद मराठीला नवा नाही. श्रवणबेळगोळच्या गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' असेच कोरलेले आहे. चावुंडरायाने हातात छिन्नी घेतली असे त्यावरून कोणी समजत नाही. तेव्हा 'करवणे', 'कोरवणे', 'बांधवणे' ही प्रयोजक रूपे इथे बिनधास्त वापरावीत.

उभारणाऱ्याचे नाव आधी का, याविषयी एक मत असे की शिळा हा वारसाहक्काचा जाहीरनामाही होता: मृताशी माझे नाते हे, म्हणून त्याच्या मालमत्तेवर हक्क माझा. सगळ्याच शिळांना हे लागू पडेल असे नाही, पण उपलंडमधल्या हिलरश्यो इथला लेख वाचला की ते पटते. त्याची सुरुवातच 'राथ थू' अशी आहे, म्हणजे 'उकल कर'. पुढे सगळा वारसाचा हिशेब येतो. गेरमुंडने गेरलौगशी लग्न केले, त्यांना मुलगा झाला. गेरमुंड बुडून मेला, मग मुलगाही गेला. गेरलौगने गुद्रिकशी दुसरे लग्न केले. त्यांच्या मुलांतली इंगा तेवढी जगली. इंगाला राग्नफास्तने वरले. तो मेला, त्यांचा मुलगाही मेला, आणि मुलाची मालमत्ता आईकडे, इंगाकडे आली. इंगाने पुढे एरिकशी लग्न केले आणि ती वारली. तिच्या मागे सगळे आले तिच्या आईकडे, गेरलौगकडे. शेवटी 'थोरब्योर्न कवीने रुने कोरली'. दोन घरांची मिळकत एका बाईच्या हाती कशी आली, त्याचा हा दगडावरचा फेरफार आहे. 'वीरगळ' म्हटले की हे सगळे झाकले जाते.

आता 'वायकिंग'. शिळांवर हा शब्द कमी वेळा येतो, आणि येतो तेव्हा जमातीचे नाव म्हणून येत नाही. स्कोने प्रांतातल्या वेस्त्रा स्त्रो इथल्या शिळेवर फाथिर आपला भाऊ ओझुर याच्याविषयी सांगतो की तो 'उत्तरेकडे वायकिंगवर असताना मेला'. इथे ते कामाचे नाव आहे: जहाज घेऊन लुटीला बाहेर पडणे. मराठीत याला 'मुलूखगिरी' हा शब्द तयार आहे. 'सागरी मुलूखगिरी' म्हटले की अर्थ पुरता येतो. म्हणून 'वायकिंग लोकांच्या शिळा' असे न लिहिता 'वायकिंगकालीन शिळा' लिहावे. त्या उभारणारे बहुतेक जण जमीनजुमला असलेले शेतकरी होते.

बाहेर जाऊन आलेलेही होतेच. उपलंडमधल्या ओर्केस्ता इथल्या शिळेवर उल्फने इंग्लंडमध्ये तीनदा 'गेल्द' घेतल्याची नोंद आहे: पहिले तोस्तीने दिले, मग थोरकेतिलने, मग क्नूतने. 'गेल्द'ला 'खंडणी' हा शब्द चपखल बसतो. मात्र 'तोस्तीने खंडणी दिली' असे लिहिले तर तोस्ती हा लुटला गेलेला राजा वाटेल. हे तिघे म्होरके होते. वसूल झालेल्या खंडणीतला वाटा ते आपल्या माणसांना देत होते. 'तोस्तीने वाटून दिली' असेच लिहावे लागते.

'ब्रू' या शब्दाला 'पूल' लिहिणे ही अशीच एक फसगत. शेकडो पावले दलदल तुडवण्याऐवजी दगडमातीचा भराव घालून केलेली वाट, तिला तिथे 'ब्रू' म्हणत. कमान नाही, खांब नाहीत. 'बांध' किंवा 'भरावाची वाट' म्हणावे. स्टॉकहोमच्या उत्तरेला तेबी इथे यार्लाबांकीने अशी सुमारे 150 मीटरची वाट बांधवली आणि तिच्यावर शिळा लावल्या. मजकूर असा: 'यार्लाबांकीने हे दगड आपल्या हयातीत आपल्याच स्मरणार्थ उभे करवले, आपल्या आत्म्यासाठी ही वाट केली, आणि सगळे तेबी त्याच्या एकट्याच्या मालकीचे होते.' 'हयातीत'साठी मूळ शब्द 'क्विकवान' असा आहे. हा 'क्विक' आणि आपला 'जीव' एकाच मुळापासून निघालेले आहेत. हे कळले की त्या दगडाकडे पाहायची नजरच बदलते.

'फेलागी'चेही तेच. 'मित्र' असे भाषांतर ढोबळ होते. 'फे' म्हणजे गुरेढोरे आणि धन (आपल्याकडे 'गोधन' म्हणतात तसे), 'लाग' म्हणजे ठेवणे; भांडवल एकत्र ठेवणारा तो 'फेलागी', म्हणजे भागीदार. काळ्या समुद्रातल्या बेरेझान बेटावर 1905 मध्ये सापडलेल्या दगडावर ग्रानीने आपला फेलागी कार्ल याच्या मागे हे थडगे केल्याचे कोरले आहे. व्यापाराच्या वाटेवर मेलेल्या भागीदारासाठीचा तो दगड आहे. 'मित्र' लिहिले की व्यापार पुसला जातो.

लिपीविषयी. 'रून' या मूळ शब्दाचा अर्थ गुपित, मसलत, कानगोष्ट असा आहे. तिकडे तो स्त्रीलिंगी. मराठीत 'अक्षर'च्या ओढीने नपुंसकलिंगी घेणे सोयीचे. 'फूल, फुले, फुलाला' तसे 'रून, रुने, रुनाला', आणि 'फूलझाड' तशी 'रूनशिळा'. 'रूनिक लिपी' कशाला? 'रून लिपी' पुरे.

वायकिंग काळात या लिपीत फक्त 16 अक्षरे उरली होती, आधी 24 होती. भाषेतले ध्वनी वाढत गेले आणि अक्षरे घटली. ग, द, प, ए, ओ यांना वेगळे चिन्हच नाही: क हाच ग, त हाच द, ब हाच प, आणि उ कडे ओ, व ही कामेही येतात. व्यंजनाआधीचा अनुनासिक बहुधा गळतो. शेजारच्या दोन शब्दांत शेवटचे आणि पहिले अक्षर सारखे असेल तर ते एकदाच कोरतात. डेन्मार्कमधल्या येलिंग इथल्या धाकट्या शिळेचेच पाहा. अक्षरशः वाचन असे:

कुर्मर् कुनुकर् करथी कुब्ल थुसी अफ्त थुरुई कुनु सिना तनमर्कर् बुत

'कुर्म' म्हणजे गोर्म, 'कुनुक' म्हणजे 'कोनुंग', राजा; 'तनमर्क' म्हणजे डेन्मार्क. 'गोर्म राजाने ही स्मारके आपली बायको थीरा, डेन्मार्कचे भूषण, हिच्या मागे केली.' मोडी वाचणाऱ्याला यात नवल वाटणार नाही. मोडीतही ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, तरी संदर्भाने वाचता येतेच. पण यामुळे एक शिस्त पाळावी लागते: आधी अक्षरशः वाचन, मग त्या भाषेतले प्रमाण रूप, मग भाषांतर. या तीन ओळी वेगळ्या ठेवाव्यात. पहिलीत 'कुर्म' आणि भाषांतरात 'गोर्म' असलेच पाहिजे. दोन्हींची सरमिसळ झाली की 'कुर्म राजा' नावाचा नवाच माणूस जन्माला येतो. याच ठिकाणच्या थोरल्या शिळेवर गोर्मचा मुलगा हाराल्ड आपण डेन्मार्क-नॉर्वे जिंकल्याचे आणि डेन लोकांना ख्रिस्ती केल्याचे सांगतो. मोबाइलवरच्या ब्लूटूथच्या खुणेत याच हाराल्डच्या, म्हणजे हाराल्ड ब्लूटूथच्या, नावाची ह आणि ब ही दोन रुने जोडलेली आहेत.

सगळेच लेख उभ्या दगडावर नाहीत. सोदरमानलंडमधल्या राम्सुंड इथे सिग्रिदने जो लेख कोरवला तो जमिनीतल्या उघड्या खडकावर आहे, साडेचार मीटरहून रुंद. त्याला 'शिळा उभारली' म्हणता येत नाही. कोकणातल्या कातळशिल्पांमुळे मराठीत 'कातळ' हा शब्द पुन्हा रुळला आहे. अशा लेखाला 'रूनकातळ' म्हणावे.

शेवटी एक नमुना, वेस्तमानलंडमधल्या हासमीरा इथला. त्यात 'बुआंदी' म्हणजे घरदार, शेतीवाडी सांभाळणारा गृहस्थ असा शब्द आहे, आणि बायकोविषयी 'राथर्' हे क्रियापद. हिलरश्योच्या 'उकल कर'मधले 'राथ' तेच हे. इथे त्याचा अर्थ व्यवस्था पाहणे. 'पती', 'गृहिणी', 'व्यवस्थापन' असे शब्द वापरून हे भाषांतर करता येते, पण गावाकडच्या मराठीत नवराबायको एकमेकांना ज्या नावांनी हाका मारतात ती इथे जशीच्या तशी बसतात:

'भला कारभारी होल्मगौत याने आपली बायको ओदिनदीसा हिच्या मागे (ही शिळा) उभी करवली. घरशेताचा कारभार पाहणारी, हिच्याहून चांगली कारभारीण हासमीराला यायची नाही. तांबड्या बालीने ही रुने कोरली.'