मेंदूवर इतकं संशोधन होऊनही 'जाणीव' म्हणजे काय, हे विज्ञानाला का सांगता येत नाही?

चिंचेचं बुटूक जिभेवर ठेवा. आम्लातले हायड्रोजनचे आयन स्वादपेशींत शिरतात, संदेश मेंदूपर्यंत जातो, तोंडाला पाणी सुटतं. इथवर विज्ञान सगळं नीट सांगतं. पण तो आंबटपणा आपल्याला मुळात का 'जाणवतो', इथे गाडी अडते. मोजमाप बाहेरून होतं, अनुभव आतून येतो.

१९९८ मध्ये मेंदूशास्त्रज्ञ क्रिस्टॉफ कोख यांनी तत्त्वज्ञ डेव्हिड चामर्स यांच्याशी पैज लावली होती: २५ वर्षांत मेंदूतली जाणिवेची स्पष्ट खूण सापडेल. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला कोख यांनी हार मानून चामर्स यांना पैजेची वाइन दिली. हा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो. आणि पैज फक्त 'कुठे' याची होती. 'का' हा प्रश्न नुसत्या चांगल्या स्कॅनरने सुटेल असं मला वाटत नाही.