'टिप क्रेडिट'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा: टेक्ससमध्ये वेटरचं काम करणाऱ्या भाच्याच्या पगारचिठ्ठीवर 'टिप क्रेडिट' आहे. त्याला 'बक्षीस-जमा' म्हणता येईल का?

नको. 'जमा' म्हटलं की पोराच्या पदरात काही पडलं असं वाटतं, आणि इथे फायदा मालकाचा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे. पण ज्याला महिन्याला ३० डॉलरच्या वर टिप मिळते, त्याला मालकाने स्वतःच्या खिशातून २.१३ डॉलर दिले तरी चालतं. हा आकडा १९९१ पासून जागचा हललेला नाही! उरलेले ५.१२ गिऱ्हाइकांच्या टिपेतून मिळाले असं धरतात. आपल्याकडे पगारातून उचल वळती करून घेतात ना, तोच शब्द इथे चपखल बसतो: टिप-वळती.

आठवड्याचे ४० तास धरू. मालकाचे ८५.२० डॉलर, किमान वेतन २९०. टिप १५०च मिळाली तर तुटीचे ५४.८० मालकाने भरायचे. टिप ३०० मिळाली तर सगळी भाच्याची, पण मालकाचे २०४.८० वाचले ते वाचलेच.

आता 'बक्षीस'. ते स्पर्धेत मिळतं. 'बक्षिसी' टिपेच्या जवळ जाते, पण तिच्यात हुजऱ्याला खूश होऊन दिल्याचा वास आहे. 'पोस्त' दिवाळीपुरती. 'चिरीमिरी' तर सरकारी टेबलाखालची. त्यापेक्षा सरळ 'टिप' म्हणावं. फक्त 'त्याने टिप दिली' एवढंच लिहिलं तर पोलिसांना खबर दिली असंही कुणी वाचेल, म्हणून 'वेटरला' हा शब्द गाळू नका.

चिठ्ठीवर किंवा बिलावर 'ग्रॅच्युइटी' दिसली तर तिचं 'उपदान' करू नका. ते आपल्याकडे नोकरी सोडताना मिळतं. तिकडे मोठ्या घोळक्याच्या बिलात सक्तीने लावलेली ग्रॅच्युइटी कायद्याने टिपही ठरत नाही. तो सेवा आकार, म्हणजे मालकाचं उत्पन्न. त्यातला वाटा वेटरला मिळाला तर तो पगारात धरतात.

भाचा कॅलिफोर्नियात किंवा मिनेसोटात असता तर हा प्रश्नच आला नसता. तिथे मालकाला टिप वळती करताच येत नाही. पूर्ण किमान वेतन द्यावं लागतं, टिप वेगळी.